दीडपट वेगानं गजी

साडेचारशे माणसांचा वेळ माझ्या हातात आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी थोडी बेअब्रू होते, तेव्हा आधी अब्रू किती होती हे कळलेलं बरं. कोरेगाव भीमाच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथल्या टाइम ऑफिसचा मी प्रमुख. कोण किती वाजता आत आलं, कोण कधी बाहेर गेलं, कोणाची रजा, कोणाचा उशीर, कोणाचा गेटपास, सगळं माझ्या टेबलावरून जातं. चौदा वर्षांत मला स्वतःला एकदाही उशीर झालेला नाही. टेबलावर तीन शिक्के असतात: ‘मंजूर’, ‘नामंजूर’ आणि ‘कारण समाधानकारक नाही’. तिसरा सगळ्यात जास्त झिजलेला आहे.

अशा माणसाला त्याच्या वडिलांनी फोन करून, "तुलाच येळ न्हाई व्हय?" असं विचारावं, याला काय म्हणायचं?

आमची वाडी निमोण्याजवळ. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून विहीर पाडली. मी विहीर सोडून शिरूरला फ्लॅट घेतला. मेंढरं गेली, पण गजी राहिली. गजी म्हणजे आम्हा धनगरांचा नाच. मधे ढोल, भोवती वीस-बावीस माणसं, डोक्याला फेटे, दोन्ही हातांत रंगीत रुमाल, आणि ढोलाच्या ठेक्यावर सगळं रिंगण एकदम वळतं. बिरोबाच्या यात्रेला तो व्हायचाच, आणि त्यात ज्याची त्याची जागा ठरलेली. आबांची जागा तिसरी. एकेचाळीस वर्षं त्या जागेवर दुसरं कोणी उभं राहिलेलं नाही.

"हणमंता, गुडघ्यांनी जवाब दिला बघ," आबा फोनवर म्हणाले. "डाक्टर म्हणतोय वाकू नका. मंग नाचायचं कसं? यंदा माझी जागा तू घे. तीन आठवड्यांवर यात्रा हाय, रोज सांजच्याला तालीम हाय. येत जा."

"आबा, मला कुठला वेळ?"

"साडेचारशे माणसांचा हाय, आन् तुलाच येळ न्हाई व्हय?" आणि पुढे म्हणाले, "तू न्हाई आलास तर पंच जागा धुळाला देत्याल. त्येचं काय चुकीचं न्हाई. पोरगा चांगला नाचतो. पर जागा आपल्या घरातनं जाईल."

आणि फोन बंद. ‘ठेवतो’ म्हणायची आबांना सवय नाही.

धुळा माझा चुलतभाऊ. ट्रॅक्टर चालवतो, हातात घड्याळ नाही, ‘येतो’ म्हटलं की त्याच दिवशी येईल असं नाही. आणि आबांची जागा याला? मी मनाशी ठरवलं, जागा मीच घेणार. लहानपणी मीही रिंगणात नाचलो होतो, सायकल एकदा आली की विसरत नाही तसंच हे. प्रश्न फक्त वेळेचा होता, आणि वेळ हा तर माझा हातखंडा विषय.

हिशेब सोपा होता. निमोण्याला रोज जाऊन येण्यात सव्वा तास मोडणार, तालीम धरून दोन. पण संध्याकाळी चारला कंपनीतून सुटलो तर सगळं बसत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लवकर जाण्याचा रीतसर अर्ज लिहिला. आमच्याकडे अर्ज आधी टाइम ऑफिसचा शेरा घेऊन मगच साहेबांकडे जातो. टाइम ऑफिस म्हणजे मी. तेव्हा माझा अर्ज मी माझ्याच ट्रेमध्ये, रांगेत सगळ्यांच्या खाली ठेवला. वशिला मला चालत नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे ट्रे उपसायला बसलो. कोणाच्या मेहुणीचं डोहाळजेवण, कोणाचा बोअर पाडायचा होता. डाव्या हातानं कागद सरकवायचा, उजव्या हातानं शिक्का मारायचा, हा माझा चौदा वर्षांचा ठेका आहे. एकविसाव्या अर्जावर शिक्का मारला आणि अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून पाहिलं, तर माझंच. ‘गावच्या यात्रेतील नाचाच्या तालमीसाठी’ या ओळीवर आडवं, ठळक, जांभळ्या शाईत: कारण समाधानकारक नाही.

तसाच तो साहेबांकडे गेला. मी खुलासा करायला उभा राहिलो तर साहेबांनी मला एक परिपत्रक दाखवलं. ‘कार्यक्रम, समारंभ, यात्रा इत्यादी कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत.’ खाली सही माझी. "इतकं कडक तर मीसुद्धा लिहिलं नसतं," साहेब म्हणाले. ते हसत होते की कौतुक करत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी घरातूनच वेळ काढायचं ठरवलं. फक्त पंचेचाळीस मिनिटं. चोवीस तासांच्या दिवसात पंचेचाळीस मिनिटं सापडत नसतील तर ती कोणीतरी खात असणार, आणि खाणाऱ्याला पकडणं हेच माझं काम. धुळानंच मागच्या वर्षीची गजी मोबाइलवर घेतली होती, ती त्यानं आनंदानं पाठवली. ते बघून घरीच तालीम करायची. तीन रात्री जागून मी घराचं वेळापत्रक तयार केलं. चार रंगांत. पाच पाचला उठणे. पाच पाच ते पाच नऊ दात. माझी आंघोळ सहा मिनिटं, मुलगा स्वराजची आठ, कारण तो साबण शोधतो. बायकोसाठी, म्हणजे धनश्रीसाठी, मी चहा, डबे आणि पाणी भरणं एकमेकांत बसवून एकोणीस मिनिटं वाचवली होती. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला वेळापत्रकाची कदर असणार अशी माझी समजूत होती.

तिनं फ्रीजवर लावलेला तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "दूध उतू गेलं तर पुसायला किती मिनिटं ठेवलीत?"

"उतू जायचं कारण काय?"

"बरं," ती म्हणाली, आणि शाळेत गेली.

ज्याचं काम त्यानं तपासावं, म्हणून रविवारी मी वेळापत्रक घेऊन दौंडला गेलो. माझी बहीण मोनिका तिथं रेल्वे कॉलनीत राहते, तिचे मिस्टर ईश्वरराव रेल्वेत आहेत. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाहिलेला माणूस. शिरूरहून दौंडला एसटीनं जायला-यायला आणि मोनिकाच्या हातचं मटण जेवायला माझा अख्खा रविवार गेला, पण पंचेचाळीस मिनिटांसाठी एवढी गुंतवणूक करायला हरकत नाही.

ईश्वररावांनी चष्मा लावून तक्ता पाहिला. "पाव्हणं, झकास हाय. पर ह्याच्यात मोकळी मिनिटं कुठं हायेत?"

"मोकळी कशाला?"

"आवो, गाडीच्या टायमात आम्ही चार-धा मिनिटं जास्तीची घालून ठेवतो. वाटंत म्हस आडवी येती, शिग्नल मिळत न्हाई. मोकळी मिनिटं असली म्हंजी गाडी टायमात येती."

रेल्वे वेळेवर का येत नाही याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, असं मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो नाही, कारण मटण त्यांच्या घरचं होतं.

"दादा," निघताना मोनिका म्हणाली, "एवढा दौंडपर्यंत आलास, तर निमोण्यालाच गेला असतास की."

बहिणींना नियोजन कळत नाही.

सोमवारी वेळापत्रक सुरू झालं. मोबाइलला मी सतरा गजर लावले होते. पहिल्याच दिवशी स्वराजला साबण सापडला नाही, त्यामुळे माझी आंघोळ पुढे गेली, त्यामुळे धनश्री चहा टाकून पाणी भरायला गेली आणि दूध उतू गेलं. ती ओट्यापाशी नुसती उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी फडकं आणलं. माणसानं कधी कधी फडकं आणावं.

पण रात्रीची सव्वाआठ ते नऊ ही पंचेचाळीस मिनिटं शिल्लक राहिली होती, हे मी अभिमानानं सांगतो. सव्वाआठला मी हॉलमधली खुर्ची सरकवली, दोन हातांत दोन पंचे घेतले आणि पहिलं पाऊल टाकलं. तिसऱ्या पावलाला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे मारुतराव. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही अजिबात वेळ नसलेले गृहस्थ.

"हनुमंतराव, आमचा पंखा हलायला लागलाय. बंद असताना."

मी कारण सांगितलं. ते विरघळले आणि आत येऊन बसले. "वेळ पाहिजे ना? मग सांगतो. आमच्या सर्जेराव रावसाहेबांची एक गोष्ट होती. ते कोणाला बसाच म्हणायचे नाहीत. माणूस बसला की वेळ गेला. काय? चहा? अर्धाच घ्या."

नऊला पाच कमी असताना ते उठले. मंगळवारी पुन्हा पंखा हलला. मंगळवारचा सल्ला होता, माणसं टाळा. बुधवारी ते मालनबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना घेऊन आले, कारण त्यांना गजी म्हणजे काय ते बघायचं होतं. मालनबाईंनी मला एक पाऊल टाकू दिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, गुडघ्याला एरंडाचं तेल लावा आधी. आमच्या ह्यांना काय झालं होतं..." आणि ह्यांना काय झालं होतं ते नऊपर्यंत चाललं. गुरुवारी मी दिवा बंद करून अंधारात नाचायचं ठरवलं, तर मारुतराव बॅटरी घेऊन आले. लाइट गेली की काय, म्हणून काळजीनं.

माणूस चांगला हो. पण चांगल्या माणसांनी माझा एक आठवडा खाल्ला.

शेवटी मी टाइम ऑफिसातला हुकमी उपाय काढला. एका वेळेत दोन कामं. दात घासताना कंबर, दाढी करताना मान, आणि सकाळी हायवेला कंपनीच्या बसची वाट बघताना दोन्ही हातांचे रुमाल. शिरूरच्या बायपासला सात ते सात वीस मी रिकामाच तर उभा असतो. पुढच्या मंगळवारी मी खिशातून एक पिवळा आणि एक तांबडा रुमाल काढला, नगरहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड केलं आणि पहिला हात उंच फिरवला.

एक वडापची जीप करकचून थांबली. "वाघोली, खराडी, या या, मागं जागा हाय!"

"मला यायचं नाही."

"मग हात कशाला करताय?"

ती गेली. मी हात खाली घेऊन दुसरा फिरवला. दुसरी जीप. मग तिसरी, मग टेम्पो. टेम्पोवाल्याला वाटलं पुढे अपघात झालाय, त्यानं मागच्या गाड्यांनाही हात दाखवला. मग परळीहून आलेली एक एसटी थांबली, जिचा तिथं थांबाच नव्हता. दार उघडून कंडक्टर खाली उतरले. "साहेब, तांबडा रुमाल दाखवून एसटी थांबवलीत. कारण सांगा." चौदा वर्षं मी लोकांना हेच वाक्य म्हणत आलोय. ‘नाचत होतो’ असं मला सांगता आलं नाही. मी वाघोलीचं तिकीट काढलं आणि कोरेगावला उतरलो. मागून आमची कंपनीची बस आली आणि तिच्यातल्या पस्तीस माणसांनी खिडकीतून मला एसटीतून उतरताना पाहिलं.

आता चार दिवस राहिले होते. आणि तेव्हा मला तो तोडगा सुचला, ज्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. धुळाची ती फीत बेचाळीस मिनिटांची होती. कंपनीच्या प्रशिक्षणाच्या फिती मी नेहमी दीडपट वेगानं बघतो, साहेबांनीच शिकवलंय. बेचाळीसची झाली अठ्ठावीस मिनिटं. रोजची चौदा मिनिटं नफ्यात! मारुतराव सव्वाआठला येतात, म्हणून मी पावणेआठलाच, गादीवर उभं राहून, आवाज बंद करून नाचायला लागलो. गादीमुळे पंखा हलत नव्हता. आवाज नसल्यानं कोणी येत नव्हतं. चार दिवसांत माझी सगळी पावलं बसली. वळण, गिरकी, रुमालाची फेक, एकही चूक नाही. शनिवारी मी आबांना फोन केला. "जागा तयार ठेवा."

"तालमीबिगर?" आबा म्हणाले.

"घरी केली. अर्ध्या वेळात."

"बरं," आबा म्हणाले. आमच्या घरात ‘बरं’ हा शब्द फार वाईट अर्थानं वापरतात.

रविवारी दुपारी वाडीवर यात्रा भरली. भंडाऱ्यानं देऊळ पिवळं झालं होतं. आई, म्हणजे बयाबाई, सुनेला घेऊन पुढेच बसली होती. मोनिका आणि ईश्वरराव दौंडहून आले होते, आणि मारुतराव आणि मालनबाईसुद्धा, कारण आता ते स्वतःला कुटुंबातलेच समजत होते. आबा कडेला एका बाजेवर पाय लांब करून, काठी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी त्यांचा फेटा स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला बांधला. धुळा रिंगणाबाहेर अंगरखा घालून तयारच उभा होता. ऐनवेळी कोणाला काही झालं तर, असं पंचांनी त्याला सांगून ठेवलं होतं. कोणाला म्हणजे मला.

मी तिसऱ्या जागेवर उभा राहिलो. ऊर भरून आला होता, हे कबूल करतो.

ढोल वाजला. मी वळलो. बाकी कोणी वळलं नाही. ते अजून पहिलंच पाऊल उचलत होते. मी गिरकी घेऊन परत जागेवर आलो तेव्हा ते वळायला लागले, त्यामुळे माझं तोंड मागच्याकडे आणि त्यांचं पुढे. म्हटलं, ढोलवाला रेंगाळतोय, सुधारेल. मी रुमाल फेकला. तो पुढच्या माणसाच्या फेट्यात अडकला आणि फेटा सुटून त्याच्याच पायांत आला. तो अडखळला, मागचा माझ्यावर आला, आणि बावीस माणसांचं रिंगण एका जागी गोळा झालं. ढोल थांबला. सगळी वाडी हसली. आईसुद्धा पदराआड हसली, मी पाहिलं.

"आरं, कुणाच्या मागं कुत्रं लागलंय का?" कोणीतरी ओरडलं.

मला त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं असं वाटत होतं. पंचांपैकी एकानं धुळाकडे बघून मान हलवली. धुळा पुढे आला. बिचाऱ्याचा चेहरा पडलेला होता, त्याला माझं वाईट वाटत होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. एकेचाळीस वर्षं आबांनी सांभाळलेली जागा मी दीड मिनिटात घालवली होती. मी फेट्याला हात घातला, सोडून आबांच्या हातात द्यावा म्हणून.

तेवढ्यात बाज करकरली. आबा काठी टेकत रिंगणात आले.

"थांब रं धुळा," ते म्हणाले. "जागा कुणाची हाय? माझी हाय. मी उभा हाय न्हवं." मग माझ्याकडे वळले. "काठी टाकतो, तुझा हात दे. आन् पायाकडं बघू नगंस, ढोल ऐक."

"आबा, ऐकूनच तर..."

"न्हाई. ढोल वाजतो तवा न्हाई. ढोल गप होतो न्हवं, दोन थापांच्या मधी, तवा पाय उचलायचा असतोय. तेवढी जागा पायाला लागती. तू ती खाल्लीस."

डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. ढोलवाल्यानं आबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि हात हळू केला. थाप पडली. मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये आबांनी पाय उचलला, मी उचलला. पुन्हा थाप. आबांचं सगळं वजन माझ्या हातावर होतं, आणि सगळं रिंगण त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याच्या चालीनं वळत होतं. इतकी सावकाश गजी वाडीनं कधी पाहिली नसेल. कोणी हसलं नाही. पहिल्या फेरीनंतर माझ्या खिशात गजर वाजायला लागला. तक्त्याप्रमाणे नाच तेव्हा संपायला हवा होता. मी गजर वाजू दिला, वाजून वाजून तो आपोआप थांबला. आम्ही नाचत होतो. मला खूप आनंद झाला होता, इतका की काय करावं कळत नव्हतं.

पुढे बेचाळीसची चांगली सत्तर मिनिटं झाली. शेवटी पंच म्हणाले, "जागा मल्हारीआबांचीच. टेकू बरा आणलाय." बावीस माणसांचे रीतसर हुद्दे आहेत, त्यात माझा ‘टेकू’ असा लागला. ईश्वररावांनी खांद्यावर थाप मारली. "पाव्हणं, मोकळी मिनिटं," एवढंच म्हणाले, आणि मारुतरावांनी या विषयावर मला एक सल्ला द्यायचा आहे असं सांगितलं.

सोमवारी पावणेसहाला मोटारसायकलवरून वाडीवरून निघायचं, शिरूरला बस धरायची, असा बेत होता. साडेपाचला मी तोंड धुऊन अंगणात आलो तर आबा भिंतीला टेकून उभे. "चल. काल उजवा पाय चुकत होता."

"आबा, यात्रा झाली. आता पुढच्या वर्षी."

"मंग? वरीस हाय की."

आईनं तेलाचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी ठेका धरला. ढोलापेक्षा चांगला. धनश्री दारात चहाचा कप घेऊन बघत उभी होती, तिनं घड्याळाचा ‘घ’ही काढला नाही. उजवा पाय चुकत होता, हे खरं होतं. तो सुधारेपर्यंत उजाडलं, बस गेली.

कंपनीत पोचलो तेव्हा सव्वानऊ. पंचेचाळीस मिनिटं उशीर. तीन आठवडे मी ज्या पंचेचाळीस मिनिटांच्या मागे धावत होतो ती शेवटी तेलाच्या डब्यात सापडली होती. गेटवरच्या शिपायानं मला बघून स्वतःचं घड्याळ कानाला लावलं. मी सरळ टेबलाशी गेलो, उशिराचा छापील अर्ज घेतला आणि कारणाच्या जागी लिहिलं: ‘वडिलांबरोबर नाचत होतो.’ मग नियमाप्रमाणे तो ट्रेमध्ये सगळ्यांच्या खाली ठेवला.

दुपारी ट्रे उपसायला बसलो. एकाच्या बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. एकाच्या मुलीचं शाळेत गॅदरिंग होतं. एकाची नुसती आई आली होती गावाहून, दुसरं काहीच नाही. मी तिसरा शिक्का उचलला, शाईवर टेकवला, आणि तसाच हातात धरून बसलो. मग ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. रबर जुनं होतं, सहज कापलं गेलं. ‘नाही’ तेवढं सुटून टेबलावर पडलं.

त्या दिवशी सगळ्या अर्जांवर एकच शिक्का उमटला, माझ्याही: कारण समाधानकारक. साहेबांनी वर बोलावलंय. चार वाजता. जातो सावकाश.